देवी घेऊन उठलेलं गाव

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा, असं आमच्या वाचनालयाच्या समितीने ठरवलं, तेव्हा मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरात प्रत्येकाच्या कामात नाक खुपसत होते. लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, त्यात घरच्यांचाही हात असावा. समितीचे अध्यक्ष डॉक्टर आहेत. अर्धं कर्जत त्यांच्या औषधाने बरं झालेलं, म्हणून त्यांना सहसा कुणी उलट बोलत नाही. मी बोलते. मला त्यांच्या औषधाचा कधी गुण आला नाही.

या लेखात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. यातली बहुतेक माणसं धडधाकट आहेत, वाचतात, आणि वाचून झाल्यावर फोन करतात.

मोठ्या गावांचं लिहिणं सोपं गेलं. कर्जत रेल्वेने मोठं केलं. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं म्हणून गाडी थांबायची, आणि गाडी थांबते म्हणून फलाटावर वडे तळले जायचे. खोपोली घाटातून पडणाऱ्या पाण्याने आणि त्या पाण्यावर निघालेल्या विजेने मोठी केली. नेरळला वरच्या डोंगरावरच्या हवेने हात दिला. शेलूला सध्या बिल्डर मोठं करताहेत, त्याचा इतिहास लिहायला आणखी कुणीतरी निवृत्त व्हायला हवं. हे सगळं मी पावसाळाभर बसून लिहून काढलं.

अडलं ते लहान गावांपाशी. डॉक्टरांनी नियम घालून दिला होता. ज्या गावाकडे शंभर वर्षांपूर्वीचा काहीतरी पुरावा आहे, देऊळ, शिलालेख, तळं, निदान एखादी बारव, त्याला स्वतंत्र मथळा. बाकीच्यांचा उल्लेख जवळच्या मोठ्या गावात. या नियमाने माझं आजोळ रसायनीच्या प्रकरणात गेलं, आणि तेही एका वाक्यात: ‘कारखान्यांसाठी नदीकाठच्या काही वस्त्या हलवण्यात आल्या.’

वस्त्या! माझ्या आईचं माहेर होतं ते. पाताळगंगेच्या काठी, भाताची शेतं, आंब्याची झाडं आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक. कारखाने आले तेव्हा गावाला मोहोपाड्याच्या पलीकडे माळावर जागा दिली आणि गाव तिकडे उठून गेलं. आई तेव्हा लग्न होऊन कर्जतला आलेली होती. माहेरी जायचा रस्ताच बदलल्यामुळे ती पुढे कितीतरी वर्षं ‘नव्या गावाला जाऊन येते’ असं म्हणायची, माहेरी जाते असं म्हणायची नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “बाई, भावना समजते. पुरावा आणा.”

म्हणून मी मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ऐंशी ओलांडलेला, काटक, ऐकायला कमी येतं पण आपल्याला हवं ते बरोबर ऐकू येतं. अंगणात वाल सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो शेंगा सोलतच राहिला.

“वस्ती म्हंजे काय गं?” त्याने विचारलं.

“म्हणजे गाव नाही. थोडी घरं.”

“तुझ्या डाक्टरला सांग बाय, देवी टाकून उठते ती वस्ती. देवी घेऊन उठतं त्ये गाव. आमी देवी घेऊन उठलो. मीच आनली, ह्या खांद्यावरनं.”

ती हकिगत मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण लिहून घ्यायचं म्हणून त्या दिवशी नीट ऐकली. जुन्या गावात पिंपळाखाली शेंदराचे दोन दगड होते. एक गावदेवी, शेजारी तिचा भाऊ. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल बसून दोघांचे सारखेच गुळगुळीत गोळे झालेले. देवीला चांदीचे डोळे होते, भावाला नव्हते, एवढाच फरक. देव हलवायची रीत अशी की पहाटे अंधारात देवाचं करणाऱ्या म्हाताऱ्याने दगड नव्या कपड्यात पुरते गुंडाळायचे, वाटेत देवाच्या तोंडावर कुणाची नजर पडता कामा नये. डोळे आदल्या दिवशीच काढून डबीत ठेवायचे. उचलणारा बिनलग्नाचा हवा, त्याचे आईबाप हयात हवेत, त्याने उपाशीपोटी निघायचं, वाटेत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. एवढ्या अटीत बसणारा आणि वर तेवढं ओझं पेलणारा गावात त्या वर्षी एकटा मामाच होता. म्हणून आधी देवी नेऊन ठेवायची आणि मग भावासाठी परत यायचं असं ठरलं. म्हाताऱ्याने एक गाठोडं त्याच्या खांद्यावर दिलं, मामा चालत माळावर आला, गाठोडं उतरवलं, देवीला डोळे बसवले, ओटी भरली, आणि मगच मामाला जेवायला मिळालं. दुपारी भावाला आणायला परत गेला तर कुंपण घातलेलं, आणि कुणी आत सोडेना.

“भाऊ राहिला,” मामा म्हणाला. “पन बहीन आली. गाव आला.”

पुढचा भाग गावात हसत सांगतात. कारखान्यात राहिलेल्या त्या दगडाला कामगार भजायला लागले. त्यांना काय माहीत कोण आहे ते! त्यांनी त्याला देवी ठरवलं, साडी नेसवली, बांगड्या वाहिल्या. गावातली जी मुलं कारखान्यात कामाला लागली ती घरी येऊन सांगायची आणि सगळं गाव पोट धरून हसायचं. देवीच्या भावाला लुगडं! आईसुद्धा हे सांगताना डोळ्याला पदर लावायची. आम्ही मुलं तर दिवाळीत गेलो की ‘कंपनीची देवी’ म्हणून एखाद्या मिशीवाल्या मामेभावालाच साडी नेसवायचो.

डॉक्टरांना मी ही सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा पुसला. ‘देवीसह स्थलांतर’ हे शब्द त्यांना आवडले, मोठ्याने दोनदा म्हणून पाहिले. मग म्हणाले, ठीक आहे, देवी जुनी म्हणजे गाव जुनं, द्या मथळा. मी मामाला फोन करून सांगितलं तेव्हा त्याने फोन बाजूला न करताच गल्लीत ओरडून सांगितलं. माझ्या कानाला दडा बसला.

जत्रा चैत्रात. तिच्या तोंडावर, कडक उन्हात, मामेभावाचा फोन आला. मामेभाऊ टेंपो चालवतो आणि बोलायला नेहमी घाईत असतो, पण त्या दिवशी एकेक शब्द सुटा करून बोलला. “ताई, देवीची खोळ सुटली. आतून कायतरी लिवलेलं निगालंय. तू ये.”

शेंदूर फार साचला की कधीकधी तडकून आपोआप गळून पडतो. त्याला खोळ सुटणं म्हणतात, ते शुभच मानतात, सुटलेला शेंदूर नदीत सोडतात आणि देवीचं मूळ रूप दिसलं म्हणून गाव आनंद करतं. इथे कुणी आनंद करत नव्हतं. देवळात पाचसहा म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. दगडावर हिरवं कापड टाकलेलं. मामाने ते माझ्यासाठी बाजूला केलं.

वरून गोल केलेला, चांगला घडवलेला उभा दगड. त्यावर मुंबईचं जुनं इंग्रजी नाव आणि खाली आकडा. आकड्याची एक बाजू झिजलेली. मी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, मला ओळखायला वेळ लागला नाही. जुन्या हमरस्त्यावर असे दगड असायचे.

“काय लिवलंय?” मामाने विचारलं.

“मैलाचा दगड आहे मामा. मुंबई किती लांब, ते लिहिलंय.”

मामाने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग भिंतीजवळच्या माणसांकडे वळून म्हणाला, “हा भाऊ हाय.”

मामाच पुढे म्हणाला, “आजी सांगायची. देवी आदीपासनं तितलीच, जमिनीतनं वर आलेली. एकटी बाईमानूस कशी र्‍हानार, म्हनून मागून भाऊ आनला. मोठ्या रस्त्यावरनं, बैलगाडीत घालून. ह्योच तो.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पन्नास-साठ वर्षं ज्यांना हसलो ते बरोबर होते. भावाला लुगडं आम्हीच नेसवत होतो. दर जत्रेला खणानारळाने ओटी भरत होतो ती एका मैलाच्या दगडाची. मी सव्वा महिन्याची झाल्यावर आईने मला याच दगडाच्या पायावर घातलं होतं. मला हसू यायला लागलं होतं, खरंच, ते ओठाशी आलं होतं, आणि तेवढ्यात मी मामाकडे पाहिलं.

तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसला होता. उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवलेला, त्याच खांद्यावर.

“मागं बगायचं नवतं,” तो म्हणाला. “बोलायचं नवतं. न्हायतर इचारलं असतं मी, बाबा, कोन दिलीस?”

“मामा, तुझी काय चूक त्यात? अंधार होता.”

“चूक कुनाची त्ये नाय म्हनत मी. मी बहिनीला टाकून भाऊ घेऊन आलो.” मग अगदी साध्या आवाजात, “तू पुस्तकात वस्ती लिव, बाय. डाक्टर बरोबर बोल्ला व्हता.”

मला डॉक्टरांचा राग आला, त्यांच्या नियमाचा आला, आणि ते पुस्तक काढायच्या कल्पनेचाच आला. पुस्तक नसतं तर मामाने आपलं गाव गाव आहे की नाही याचा उभ्या जन्मात विचार केला नसता. पण चहा घेतल्याशिवाय मामीने मला सोडलं नाही.

जत्रा झाली. भावाला पुन्हा शेंदूर लावला, कारण उघडा ठेवता येत नाही. साडी नेसवायची की नाही यावर वाद झाला, शेवटी नुसती शाल घातली. मामा घराबाहेर पडला नाही.

डॉक्टरांना हे सांगावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला आणि सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. “बाई! मैलाचा दगड? इंग्रजी अमदानीतला? अहो, हाच तर पुरावा! देवीपेक्षा पक्का!” त्यांना फोटो हवा होता, पानभर. आता त्या गावाला मथळाच काय, रंगीत चित्रसुद्धा मिळणार होतं. मी मामेभावाला विचारलं, मामाला सांगू का? तो म्हणाला, सांगून बघ. मी सांगितलं. मामा म्हणाला, “रस्त्याचा पुरावा हाय तो. गावाचा नाय.”

मामाला आता एकच करायचं होतं. देवी कुठल्या हालात आहे ते बघायचं होतं. मामेभावाचा टेंपो त्या कारखान्यात माल घेऊन जातो, गेटवर ओळख होती. त्याने कुणाकुणाला सांगून परवानगी काढली. आम्ही तिघं गेलो. गेटवरचा पहारेकरी लातूरकडचा, पोरसवदा, कामात चोख. त्याने आमचे फोन काढून घेतले, पिशवी उलटी करून काडेपेटी आणि उदबत्ती बाजूला ठेवली. “रसायनाची कंपनी हाय आजी, आत जाळ नाही चालत.” मग त्याने आम्हाला पिवळी शिरस्त्राणं दिली. मामाने ते टोपीवरूनच घातलं.

“कुनाला भेटायचं?” पहारेकऱ्याने विचारलं.

“गावदेवीला,” मामा म्हणाला.

“कंपनीच्या देवीला व्हय!” म्हणून तो स्वतः बरोबर आला.

पिंपळ अजून होता. त्याच्याभोवती पार बांधलेला, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. छोटं, फरशी लावलेलं देऊळ. आत शेंदराचा गोळा, त्याला पितळेचे भले मोठे डोळे, नाकात नथ, हिरवी साडी चापून चोपून नेसवलेली, ताज्या शेवंतीची वेणी. जाळ चालत नाही म्हणून समोर विजेची पणती, लुकलुकणारी. पाळी बदलताना उतरणारी आणि चढणारी माणसं तिथे क्षणभर उभी राहून पुढे जात होती. पहारेकरी सांगत होता, जमीन सपाट करायला आणलेलं यंत्र हिच्यापाशी येऊन बंद पडलं, नारळ फोडला तेव्हा चालू झालं. अशी गोष्ट प्रत्येक कारखान्यात सांगतात. पण मी मान डोलावली. नवीन माणूस लागला की पहिला नारळ हिला, मुलीचं लग्न ठरलं की पहिली पत्रिका हिला, असंही तो म्हणाला. मागे त्याला वाफेने भाजलं होतं, तेव्हा त्याच्या बायकोने हिलाच नवस केला होता. पुढ्यातल्या बांगड्या त्या नवसाच्याच.

मामा डोक्यावरचं शिरस्त्राण सावरत उभा होता. वाकून त्याने देवीच्या पायापाशी हात लावला आणि तो हात जमिनीवरच ठेवून राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, हिला घेऊन जाऊ. मामेभावालाही तसंच वाटलं असणार, कारण तो हळूच म्हणाला, “बाबा, साहेबांना इचारू का? देतील ते.”

मामा उठला. “येडा का काय तू? बहीन नांदती हाय. नांदत्या बहिनीला कोन उचलून नेतं रं?”

परतताना टेंपोत तो खिडकीशी बसला होता. मध्येच म्हणाला, “लगीन होऊन गेली म्हनून पोरगी गावाची र्‍हात नाय का? तुजी आई नव्हती आमची?” मी म्हटलं, होती. “मंग लिव गाव,” तो म्हणाला, आणि मोहोपाड्याच्या नाक्यावर भजी खाऊया असंही म्हणाला. चैत्रापासून त्याने स्वतःहून मागून काही खाल्लं ते हे पहिलंच.

मी लिहिलं. मथळ्याखालचं पहिलं वाक्य असं आहे: ‘या गावाची देवी जुन्या ठिकाणी कारखान्यात नांदते आणि तिचा भाऊ नव्या ठिकाणी गाव राखतो.’ डॉक्टरांनी ‘नांदते’च्या जागी ‘स्थित आहे’ सुचवलं. मी म्हटलं, मग पुस्तक तुम्हीच लिहा. ‘नांदते’ राहिलं. दगडाचा फोटो मात्र त्यांना मिळाला नाही, कारण भावाने जत्रेलाच पुन्हा शेंदूर पांघरला होता.

दिवाळीत मामाचा निरोप आला, भाऊबीजेला सकाळी तयार राहा. आई होती तोवर मामाची एकही भाऊबीज चुकली नाही. पाऊस असो, गाड्या बंद असोत, तो कर्जतला यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा आणि तबकात खणाचा तुकडा ठेवायचा. आई गेल्यावरही तो त्या दिवशी येत राहिला. मी चहा-फराळ द्यायची. भाचीने मामाला ओवाळायची रीत नाही, त्यामुळे तो नुसता बसायचा आणि जायचा. तो बसलेला असायचा तेवढा वेळ मला कुठे बघावं ते कळायचं नाही.

“आईचं तबक घे बरोबर,” एवढंच त्याने कळवलं होतं.

गेटवर तोच पहारेकरी. तोच प्रश्न, कुणाला भेटायचं?

“बहिनीला,” मामा म्हणाला. “भाऊ दगड हाय, त्याला चालता येत नाय. त्याच्या वतीनं मी आलोय.”

पहारेकऱ्याने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या तबकाकडे, काडेपेटी नाही ना एवढं विचारलं आणि शिरस्त्राणं पुढे केली.

देवीसमोर मामाने उपरणं अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसला. “तिला हात नायत,” तो मला म्हणाला. “तिच्या वतीनं तू ओवाळ.”

निरांजन लावता येत नव्हतं. वात तेलात भिजवून तशीच ठेवली होती. पहारेकऱ्याने देवीपुढची विजेची पणती उचलून माझ्या तबकात ठेवली. मी मामाला कुंकू लावलं, शिरस्त्राणाच्या कडेखाली कसंबसं, अक्षता टाकल्या आणि आईच्या तबकातून त्याला ओवाळलं. मला आईची इतकी आठवण त्या आधी कधी आली नव्हती, ती गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

मामाने बंडीतून खणाचे दोन तुकडे काढून तबकात ठेवले.

“एक देवीचा,” तो म्हणाला. “एक तुज्या आईचा. लई दिवसांचा र्‍हायलेला.”